गाडीत पेट्रोलचा वास येतो? मग डोकेही दुखेल!

डोकेदुखीचा रुग्ण समोर येऊन बसला की आम्हा डॉक्टरांचे काही प्रश्न ठरलेले असतात. झोप नीट लागते का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, पित्ताचा त्रास आहे का, घरी काही ताण आहे का, वगैरे. या प्रश्नांत मी हल्ली एकाची भर घातली आहे. 'तुमच्या गाडीत पेट्रोलचा वास येतो का?' हा प्रश्न मला एका गुरुजींमुळे सुचला. पण तो सुचेपर्यंत त्या बिचाऱ्यांना चार महिने डोकेदुखी सोसावी लागली आणि त्यात थोडा दोष माझाही आहे.

गुरुजी कराडला राहतात आणि पाटणच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवतात. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. वय पंचावन्न. गाडी पेट्रोलवर चालणारी, छोटी, चौदा वर्षांची आणि दुसऱ्या हातची. त्यांच्याबरोबर पुढच्या सीटवर एक सहकारी शिक्षक आणि मागे एक तरुण शिक्षिका असतात. तिघे मिळून खर्च वाटून घेतात. रस्त्याची धूळ नको म्हणून काचा बंद आणि ए.सी. चालू.

पहिल्यांदा गुरुजी आले तेव्हा मी साध्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेस रक्तदाब किंचित वाढलेला सापडला. वाटले, हेच कारण. तिसऱ्या खेपेस त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. नवा चष्मा आला, डोके दुखायचे ते दुखतच राहिले. वर मळमळ आणि दुपारी शाळेत गुंगी. चौथ्या वेळी गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, मेंदूचा फोटो काढून घेऊ का एकदा? मनात नको ते येतंय." मीही चिठ्ठी लिहायला घेतली होती.

पण गुरुजी शिस्तीचा माणूस. त्यांनी एका वहीत डोकेदुखीच्या तारखा मांडून आणल्या होत्या. त्या वहीने माझे डोळे उघडले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खुणाच खुणा, मग उरलेला महिना जवळजवळ कोरा. रविवार तर सगळेच कोरे. स्त्रियांच्या अर्धशिशीला महिन्याचे चक्र असू शकते, पण पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचे डोके तारीख पाहून कसे दुखेल? मी विचारले, "महिन्याच्या सुरुवातीला तुम्ही वेगळं काय करता?"

"काय करणार? पगार होतो. किराणा भरतो, दूधवाल्याचं भागवतो आणि गाडीची टाकी फुल्ल करतो. पुढं मग लागेल तसं पाचशेचं टाकायचं."

वहीत एक महिना मात्र वेगळा होता. त्यात खुणा बारा तारखेपासून सुरू झाल्या होत्या. गुरुजींनी आठवून सांगितले, त्या महिन्यात पगारच अकराला झाला होता.

मग मी वासाचे विचारले. गुरुजी म्हणाले, "पूर्वी यायचा थोडा. आता नाही येत. मागं बसणाऱ्या बाई म्हणतात येतो म्हणून. त्यांना मळमळतंही. पण त्यांना दिवस गेलेत, त्यामुळं असेल." आणि पुढे अगदी सहज म्हणाले, "तरी मी रोज सकाळी गाडीतल्या गणपतीपुढं दोन उदबत्त्या लावतो. वास राहत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. दवाखान्याबाहेरच गाडी उभी होती. उदबत्ती विझलेली आहे याची खात्री करून मी मागचे दार उघडले आणि वाकलो. पेट्रोल पंपावर उभे असल्यासारखा वास आला. गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांना तो फारसा जाणवत नव्हता.

ही नाकाची गंमत आधी समजून घेतली पाहिजे. कुठलाही वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याला सरावते आणि मेंदूकडे वर्दी देणे कमी करते. चामड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याला तिथला वास येत नाही, तो पाहुण्याला येतो. पण नाकाला वास येईनासा झाला म्हणून छातीत जाणारी वाफ थांबत नाही. म्हणून गाडीत वास आहे की नाही हे रोज चालवणाऱ्याने ठरवू नये. गाडी तासभर उन्हात बंद ठेवावी आणि जो त्या गाडीत बसत नाही अशा माणसाला दार उघडून वास घ्यायला सांगावे. सुवासाच्या डब्या, कापूर, उदबत्ती यांनी पेट्रोल कमी होत नाही. फक्त ते असल्याची खबर देणारा हवालदार तेवढा झोपतो.

आता ही वाफ शरीरात करते काय? पेट्रोल हे एक द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे आणि ती चरबीत सहज विरघळतात. श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत त्यांना वेळ लागत नाही. मेंदूवर त्यांचा परिणाम काहीसा दारूसारखा, म्हणजे गुंगीचा होतो. डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, डोळे चुरचुरतात, उगीच चिडचिड होते, झोप येते. मोकळ्या हवेत गेल्यावर बहुधा तासा-दोन तासांत बरे वाटू लागते. गाडीत बसले की त्रास, उतरले की आराम, सुट्टीच्या दिवशी काहीच नाही आणि बरोबरच्या माणसालाही तेच, असे असेल तर आधी गाडी तपासायला न्या. घाटात वळणावर चालकाला गुंगी आली तर पुढचे सांगायला नको.

दुसरी गोष्ट बेन्झिनची. हा पेट्रोलमधला एक घटक. तो वर्षानुवर्षे शरीरात जात राहिला तर हाडांतल्या मज्जेवर, म्हणजे रक्त जिथे तयार होते त्या जागेवर घाला घालतो आणि त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे पेट्रोलमधील बेन्झिनवर एक टक्क्याची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झिनला फार पूर्वीच कर्करोगकारक ठरवले होते. २०२५ मध्ये तिने मोटारीच्या पेट्रोललाही त्याच यादीत घातले. वाचकांनी याने घाबरून जाऊ नये. महिन्यातून चार वेळा पंपावर पाच मिनिटे उभे राहिल्याने कोणाला काही होत नाही. हा धोका मुख्यतः पंपावर, टँकरवर, गॅरेजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचा आहे. पण रोज दीड-दोन तास बंद काचांमागे वाफ घेणे पंपावरच्या पाच मिनिटांसारखे नव्हे. त्यातही गर्भवती, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना त्या गाडीत बसवूच नये. त्या शिक्षिकेला मी त्याच संध्याकाळी निरोप पाठवला की गाडी दुरुस्त होईपर्यंत एस.टी.ने जा आणि तुमच्या डॉक्टरांना हे सांगा.

आता गाडीकडे वळू. मी काही मिस्त्री नव्हे. पण स्टँडमागे ज्यांचे गॅरेज आहे ते मिस्त्री माझे जुने रुग्ण आहेत, आणि त्यांनी गुरुजींना जे प्रश्न विचारले ते ऐकून मला माझ्याच धंद्याची आठवण झाली. वास कधी येतो? टाकी भरल्यावर, सकाळी गाडी चालू करताना, चढाला, की गाडी तापून उभी केल्यावर? आत येतो की बाहेर? गाडीचा ॲव्हरेज कमी झाला आहे का? शेवटचे काम कशाचे केले आणि कुठे?

प्रत्येक उत्तराचा अर्थ निराळा. टाकी भरल्यावर वास येतो आणि पातळी उतरली की जातो, म्हणजे दोष टाकीच्या वरच्या भागात आहे. एक तर टाकीचे झाकण नीट बसत नाही, किंवा तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी रबरी नळी चिरली आहे, किंवा टाकीच्या माथ्यावर पंप जिथे बसवतात तिथले रबर गेले आहे. याच दोषात कुंभार्ली घाटासारख्या चढाला वास वाढतो, कारण टाकीतले पेट्रोल हिंदकळून एका बाजूला जाते. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना बॉनेटकडून वास आला तर इंजिनाकडे जाणारी नळी, तिची क्लिप किंवा इंजेक्टरचे रबर पाहावे. गार असताना रबर आक्रसते आणि झिरप सुरू होते. इंजिन तापले की तेच रबर फुगून झिरप थांबते आणि मिस्त्रीला काही सापडत नाही. म्हणून अशी गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून सकाळीच उघडावी लागते.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या अजून काहींकडे आहेत. त्यांत फ्लोटची सुई नीट बसली नाही तर पेट्रोल ओसंडते. शिवाय पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल वाढलेले दिसले आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवूच नये. वास फक्त सायलेन्सरकडून येत असेल आणि धूर काळा असेल तर पेट्रोल पूर्ण जळत नाही; प्लग, एअर फिल्टर आणि इंजिनाचे सेन्सर तपासून घ्यावेत.

आणखी एक खोड पुष्कळांना असते. पंपावर नोझल 'टक्' करून बंद झाल्यावरही पोऱ्याला "अजून थोडं घाल, रक्कम पूर्ण कर" म्हणायचे. टाकीतली वाफ शोषून घेण्यासाठी हल्लीच्या गाड्यांत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली की त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरते, कोळसा भिजतो, मग वास येतो. नोझल बंद झाले की थांबावे. सुटे पैसे परत घ्यायला कसली लाज?

गुरुजींच्या गाडीचे निदान मिस्त्रींनी सीट न काढताच सांगितले होते. "डॉक्टरसाहेब, टाकी भरली की घाम फुटतोय हिला." तरी आधी त्यांनी गाडी मोकळ्या जागेत, झाडाखाली ढकलत नेली. टाकी निम्म्याखाली आणेपर्यंत थांबले, इंजिन गार होऊ दिले, चारही दारे अर्धा तास उघडी ठेवली, मग बॅटरीची वायर काढली. आजूबाजूच्या पोरांच्या विड्या विझवल्या. गाडी खड्ड्यावर घेतली नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती खाली उतरते आणि खड्ड्यात पाण्यासारखी साचते. चांगल्या मिस्त्रीची ही ओळख समजावी.

मागची सीट उचलल्यावर खाली पत्र्याचे झाकण दिसले. चार स्क्रूंपैकी दोन बेपत्ता. झाकणाखाली धुळीचा ओला काळा चिखल. दीड वर्षापूर्वी परगावच्या एका गॅरेजात पेट्रोलचा पंप बदलला होता. तिथे नवा पंप घातला, पण त्याखालची रबरी रिंग जुनीच बसवली आणि वरून कसलेसे चिकट सोल्युशन फासून दिले. ते पेट्रोलने विरघळून गेले होते. रिंग फुगून, चिरून एका बाजूने बाहेर आली होती. नव्या रिंगची किंमत साडेचारशे रुपये. मेंदूच्या फोटोला किती लागले असते याचा हिशेब गुरुजींनी लगेच तिथेच केला.

मिस्त्रींनी सोल्युशन वापरले नाही. बैठक पुसून कोरडी केली, नवी रिंग बसवली, झाकणाखाली नवे रबर घातले आणि चारही स्क्रू लावले. मग टाकी फुल्ल करून गाडी रात्रभर उभी ठेवली व सकाळी सीट उचलून पुन्हा पाहिले. हे शेवटचे काम पुष्कळ ठिकाणी होत नाही. तुम्ही ते मागून घ्या. सीटच्या स्पंजात आणि पायाखालच्या गालिच्यात मुरलेला वास मात्र रिंग बदलून जात नाही. दोन दिवस सीट व गालिचा उन्हात ठेवावे लागले.

जुन्या गाडीच्या रबराबद्दल एक सांगितले पाहिजे. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांतले काही प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते किंवा लवकर चिरते. म्हणून दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर वास यायची वाट न पाहता पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि रिंगा सर्व्हिसिंगच्या वेळी दाखवून घ्याव्यात. नळी बदलताना पेट्रोलचीच घ्यावी. पाण्याची किंवा हवेची नळी दिसायला सारखी असते, पण टिकत नाही. आणि टाकीला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या जवळपासही थांबू नये. 'टाकी रिकामी आहे, काय होतंय' हा समज जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते आणि भडका त्या मिश्रणाचाच उडतो. पेट्रोलची वाफ पेटू शकेल इतकी तयार व्हायला उष्णता लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही ती तयार होते. आपल्याकडच्या मे महिन्याचे काय सांगावे!

चालत्या गाडीत एकाएकी जोराचा वास आला तर काचा उघडाव्यात, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सगळ्यांनी उतरून दूर उभे राहावे. वास कुठून येतो हे पाहण्यासाठी काडी ओढू नये. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण लोक ओढतात. गाडी पुन्हा चालू करून पाहू नये. आग लागलीच तर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आगीसकट पसरते. कोरड्या पावडरीचे अग्निशामक किंवा वाळू वापरावी. आग मोठी असेल तर गाडीचा मोह सोडून माणसे लांब न्यावीत. गाडीखाली ठिबकणारे सगळे मात्र पेट्रोल नसते. ए.सी.चे पाणी ठिबकते, त्याला वास नसतो.

कच्च्या पेट्रोलऐवजी जळक्या धुराचा वास गाडीत येत असेल तर ते दुखणे निराळे आणि जास्त घाईचे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला स्वतःचा वास नाही, आणि तो झोपेतच माणूस नेतो. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून ए.सी.त झोपू नये.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीही हे वाचावे. आपल्याकडे रात्री मोटारसायकल पडवीत किंवा जिन्याखाली लावायची पद्धत आहे. जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक चालू राहिला की कार्बोरेटरमधून थेंब थेंब पडत राहते. वाफ जमिनीलगत सरकत स्वयंपाकघरात जाते आणि पहाटे कोणी चहासाठी गॅस पेटवतो, देवापुढे निरांजन लावतो. कॉक बंद करूनच गाडी लावावी, आणि जमेल तर बाहेरच.

गुरुजींची डोकेदुखी पुढच्या पगाराला आली नाही. त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे रक्त मी तपासून घेतले, ते ठीक निघाले. रक्तदाब मात्र तसाच आहे, त्या गोळ्या चालू आहेत. तो काही पेट्रोलमुळे नव्हता. बाईंचे दिवस भरत आले आहेत, आतापर्यंतच्या सर्व तपासण्या चांगल्या आहेत.

जाता जाता पेट्रोल पोटात जाण्याबद्दल. कॉलेजात असताना मित्राच्या स्कूटरमधून नळीने पेट्रोल काढताना मी स्वतः तोंडाने ओढले होते. घोटभर आत गेले आणि दोन दिवस खोकत होतो, थोडक्यात निभावले. असे पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात गेल्यावर जास्त घात करते, तिथे सूज येऊन न्यूमोनियासारखा आजार होतो. म्हणून नळी तोंडाने ओढू नये, त्यासाठी हातपंप स्वस्तात मिळतो. गॅरेजातल्या मुलांनी हातही पेट्रोलने धुऊ नयेत. कातडी फाटते आणि ते त्वचेतूनही आत जाते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवू नये, लहान मूल ते पाणी समजून पिते. कोणी प्यायलेच तर घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, कारण वर येताना तेच पेट्रोल श्वासनळीत उतरते. दूध, तेल, तूप काही देऊ नये. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि रुग्णाला बरे दिसत असले तरी लगेच दवाखान्यात आणावे, कारण खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते. येताना ती बाटली बरोबर आणावी. आत पेट्रोल होते, रॉकेल होते की आणखी काही, हे आम्हाला त्यावरून कळते.